गडावरची गुहा की खालच्या गावातली ओसरी? एकट्याने भटकताना मुक्काम कुठे करावा

कातळवाट

परवा आमच्या भटक्यांच्या घोळक्यात यावरून खडाजंगी झाली. मित्राचं म्हणणं असं, की गडावरच्या देवळात किंवा गुहेत फुकट झोपणारा माणूस गडालाही भार आणि गावालाही. खाली गावात रीतसर पैसे देऊन राहावं, पहाटे उठून गड चढावा. मला हे मुळीच पटलं नाही, म्हणून इथे मांडतोय.

मी गेली अकरा वर्षं एकटाच फिरतो. खोली घ्यायची म्हटली की एकट्याला दोघांचं भाडं पडतं. गावातल्या घरगुती सोयींची चौकशी केली की पहिला प्रश्न, "किती जण आहात?" एकच म्हटलं की पुढचं बोलणं थंडावतं. चार माणसांशिवाय चूल पेटवणं त्यांना परवडत नाही, हे मला कळतं. पण मग एकट्याने जावं कुठे?

मी जातो सुधागडावर. ठाकूरवाडीकडून लोखंडी शिडीने चढलं की वर पंतसचिवांचा वाडा आहे, साधारण १७०५ सालचा. मधे चौक, भोवती लाकडी खांबांची ओसरी, पन्नासेक माणसं सहज झोपतील एवढी. डिसेंबरातल्या एका मंगळवारी मी तिथे एकटा होतो. संध्याकाळी भोराईच्या देवळासमोरच्या सतीशिळांपाशी अंधार पडेपर्यंत बसलो. येऊन भात टाकला, खाण्याची पिशवी तुळईला टांगली (टांगली नाही तर उंदीर सकाळपर्यंत काही शिल्लक ठेवत नाहीत) आणि पडलो. मध्यरात्री जाग आली तेव्हा चौकात धुकं उतरलं होतं आणि पलीकडच्या ओसरीचे खांब अर्धेच दिसत होते. त्या रात्रीचा खर्च म्हणजे एसटीचं तिकीट आणि दोन वाट्या तांदूळ. हे सुख गावातल्या खोलीत मिळत नाही. ज्याला एकटंच राहायचंय त्याने माणसांपासून लांबच झोपावं, असं माझं ठाम मत आहे.

रानजाई

तुमची रात्र वाचून हेवा वाटला. आणि नेमकं त्यामुळेच बोलावंसं वाटलं, कारण ती रात्र मला मिळू शकत नाही. मी बाई आहे आणि मीही एकटीच फिरते.

रिकाम्या वाड्यात मला भीती उंदरांची नाही, रात्री अकराला टॉर्च घेऊन वर येणाऱ्या अनोळखी घोळक्याची आहे. शनिवारी रात्री असे घोळके येतात, बाटल्या घेऊन येतात. तुम्ही कूस बदलून झोपाल. मी उजाडेपर्यंत बसून राहीन.

तालुक्याच्या एका गावात मला दोन लॉजवाल्यांनी तोंडावर नाही म्हटलं. "एकट्या लेडीजला देत नाही, मॅडम." आधारकार्ड दाखवलं, ऑफिसचं ओळखपत्र दाखवलं, तरी नाही. तेव्हा संध्याकाळचे साडेसहा झाले होते. स्टँडवर एका कंडक्टरमामांनी विचारलं, कुठे जायचंय? त्यांची गाडी मुक्कामी होती. म्हणजे रात्री शेवटच्या गावात थांबते आणि सकाळी पहिली फेरी घेऊन परत येते. म्हणाले, "चला, तिथे सरपंचांच्या घरी सोय करतो." बायकांना अर्धं तिकीट असल्यामुळे शेवटच्या गावापर्यंत जायला मला चहापेक्षा थोडे जास्त पैसे लागले असतील.

त्या घरात मी आजींच्या शेजारी झोपले. जमीन शेणाने सारवलेली, वर गोधडी. आजी अंधारात मला विचारत होत्या, "भावाला सांगून आलीस का गं?" सकाळी सुनेने नाचणीची भाकरी आणि लसणाची चटणी बांधून दिली. पैसे घेईनात. मग मी धाकट्या मुलीच्या वहीत ठेवून आले.

तेव्हापासून माझा नियम एकच. शेवटची एसटी जिथे थांबते ते गाव गाठायचं आणि ज्या घरात बाई आहे त्या घराची ओसरी मागायची. एकटं फिरणं म्हणजे माणसं टाळणं, हे तुमचं समीकरण मला मान्य नाही. माणसं आहेत म्हणून तर मी एकटी फिरू शकते.

दोरवाला

मी डोंगरातल्या शोधमोहिमांना जातो, त्यामुळे थोडं कडक लिहिणार आहे.

हरिश्चंद्रगडाची खिरेश्वरची वाट घ्या. तोलारखिंड ओलांडून रेलिंगचा कातळटप्पा चढलात की पुढे देवळापर्यंत एकामागून एक टेकड्या. पावसाळ्यात धुकं बसलं की प्रत्येक टेकडी आधीचीच वाटते. माणूस बालेकिल्ल्याकडच्या झाडीत भरकटतो आणि गोल फिरत राहतो. बरोबर कोणी असेल तर निदान एक जण म्हणतो, "थांब, हे झाड मघाशी बघितलं." एकट्याला हे कोण सांगणार?

एक प्रसंग सांगतो, गड सांगत नाही. पाय मुरगळून एक मुलगा १९ तास एका घळीत बसून होता. मोबाइलला रेंज नाही. घरच्यांना वाटत होतं तो दोन दिवसांनी येणार. तो सापडला तो पायथ्याला चहा विकणाऱ्या बाईंमुळे. त्या नवऱ्याला म्हणाल्या, "सकाळचा निळ्या टोपीचा पोरगा उतरला नाही अजून." बस, एवढ्यावरून गावातली पोरं बत्त्या घेऊन निघाली. आम्ही पोचलो तेव्हा त्यांनी त्याला पाठीवर घेऊन निम्मा डोंगर उतरवला होता.

कातळवाट, त्या मंगळवारी तुम्ही सुधागडावर आहात हे कोणाला माहीत होतं?

आणि नवीन मुलांसाठी एक गोष्ट. प्रत्येक गडावर झोपता येतं असं धरून चालू नका. वासोटा कोयना अभयारण्यात आहे, तिथे मुक्कामाला परवानगी नाही. बामणोलीहून बोटीने जायचं आणि दिवसाउजेडी परत यायचं. इतर ठिकाणीही निघण्याआधी वनखात्याचे आणि पुरातत्त्वचे नियम विचारून घ्या, ते बदलत असतात.

पायथा

मी हरिश्चंद्रगडाच्या पायथ्याच्या गावचा. गडावर आमची झाप म्हणजे झोपडी आहे, जेवण आणि तंबू देतो. तुमचं सगळं वाचलं. आमच्या बाजूचं कोणीच लिहिलं नाही म्हणून लिहितो.

पूर्वी दिवाळी झाली, भात काढला की आमच्या घरातली सगळी नारायणगावला मजुरीला जायची. पहाटे बाजारात उभं राहायचं, बागायतदार येऊन हाताला धरून नेणार. मी पण गेलोय, शाळा सोडून. आता गडावर माणसं येतात म्हणून घरातली दोन माणसं तरी गावात राहतात. पीठ, तांदूळ, तेल सगळं पाठीवर वर न्यावं लागतं. पावसाळा आणि थंडी एवढाच धंदा. मार्चनंतर ऊन वाढतं, मग कोणी फिरकत नाही.

गुहा आमची नाही, देवाची आहे. कातळवाट दादा, तुम्ही गुहेत झोपलात तर आमचं काही म्हणणं नाही. चांगदेवांनी पण इथे तप केलं म्हणतात, त्यांच्याकडून कोणी भाडं घेतलं नव्हतं. राग येतो तो वेगळ्याचा. मॅगीची पाकिटं खालून आणतात, सप्ततीर्थ पुष्करणीच्या काठावर साबण लावून भांडी घासतात, केदारेश्वराच्या गुहेतल्या पाण्यात बूट घालून उतरतात. सोमवारी सकाळी कोकणकड्याकडची पोती आम्ही भरतो. पैसे देऊन तंबूत राहणारे पण हेच करतात, तर फुकटवाले आणि पैसेवाले असा फरक मला दिसत नाही.

एकटा माणूस आला तर चूल पेटवणं परवडत नाही, हे तुम्ही बरोबर लिहिलं. पण आधी फोन करून सांगितलं तर आमच्या घरच्यांबरोबर वाढतो. पिठलं, भाकरी, ठेचा. त्याला वेगळी चूल लागत नाही. लोक "सोय आहे का" विचारतात. "घरातलं चालेल" असं सांगतच नाहीत.

ग्लासगोकर

मी मूळची कोल्हापूरची, सध्या स्कॉटलंडमध्ये. कातळवाट यांचा वाडा वाचून मला इथल्या बॉथी आठवल्या. डोंगरात, रस्त्यापासून कित्येक मैल आत, मेंढपाळांची किंवा शेतकऱ्यांची जुनी सोडलेली दगडी घरं असतात. दाराला कुलूप नाही, भाडं नाही, आरक्षण नाही. वीज नाही, नळ नाही, संडासही नाही, दाराशी एक फावडं ठेवलेलं असतं. लांब जाऊन खड्डा करायचा आणि बुजवायचा. अशी शंभरेक घरं माउंटन बॉथीज असोसिएशन ही संस्था १९६५ पासून सांभाळते. घर जमीनमालकाचं, छप्पर-दारं दुरुस्त करणारे हात स्वयंसेवकांचे.

पहिल्यांदा गेले तेव्हा भर पावसात भिजून पोचले होते. दार ढकललं. आत कोणी नाही, पण शेगडीजवळ कोरडी लाकडं रचून ठेवलेली आणि त्यावर काडेपेटी. आधीच्या माणसाने पुढच्यासाठी ठेवलेली. तो कोण हे मला कधीच कळणार नाही. सकाळी निघताना मी तासभर लाकूड गोळा करत होते.

तिथे पाचापेक्षा मोठ्या घोळक्याने जाऊ नये आणि दोन-चार रात्रींपेक्षा जास्त राहू नये, असा संकेत आहे. आपल्या गडांवर हे का जमू नये? माझं मत कातळवाट यांच्या बाजूने. फुकट जागा राहिल्याच पाहिजेत. खिशात पैसे नसलेल्या वीस वर्षांच्या पोराला डोंगरात रात्र काढता आली पाहिजे. सगळं होमस्टे आणि तंबूवर गेलं तर डोंगर फक्त नोकरीवाल्यांचा होईल.

दोरवाला

त्या घरांत एक वही असते ना, कुठून आलो आणि पुढे कुठे जाणार ते लिहायची? असली तर तीच आधी आणा.

ग्लासगोकर

असते. आणि लोक लिहितात, अगदी चहा किती कप झाला इथपर्यंत.

रेवातीर

वयाच्या ६१ व्या वर्षी मी पायी नर्मदा परिक्रमा केली. ओंकारेश्वरहून उचलली, मैया उजव्या हाताला ठेवून चालत राहिलो. परिक्रमावासी तिला ओलांडत नाही, म्हणून रात्र जिथे पडेल तिथे पडते. आश्रम, शाळेची पडवी, मारुतीचं देऊळ, कुणाची गोठ्याशेजारची खाट. एक रात्रसुद्धा पैसे देऊन झोपलो नाही. कुठे शिजवलेलं अन्न मिळे, कुठे सदावर्त, म्हणजे पीठ-डाळ-मीठ हातात ठेवत आणि आपण शिजवायचं.

मला रानजाईताईंशी थोडं भांडायचंय. वहीत पैसे ठेवून आलात, त्यात वाईट काही नाही. पण शूलपाणीच्या झाडीत एका घरी मी शंभराची नोट पुढे केली तेव्हा त्या घरच्या बाईचा चेहरा उतरला. तिच्याकडे पाहुण्याला द्यायला मक्याची एकच भाकरी होती, तिने ती दिली होती, आणि मी तिची किंमत केली. त्या घरी पुढचा परिक्रमावासी आल्यावर तिच्या मनात पहिला विचार नोटेचा आला असेल, तर तो दोष माझा.

फुकट या शब्दानेच सगळा घोळ होतो. तिथे "फुकट" कोणीच म्हणत नाही, "सेवा" म्हणतात. सेवा घेणाऱ्यालाही बंधन असतं. उद्याचं जमवून ठेवायचं नाही, आवडनिवड सांगायची नाही, उजाडलं की निघायचं. हल्ली गाडीतून परिक्रमा करणारे आश्रमात उतरून गरम पाणी आणि गादी मागतात. त्यांना मी धर्मशाळेतले नव्हे, हॉटेलातले गिऱ्हाईक म्हणेन.

रानजाई

काका, तुमचं मन समजलं, पण मी माघार घेणार नाही. परिक्रमावासी त्या घरात पुण्य घेऊन येतो, निदान त्या बाईच्या लेखी. मी काहीच घेऊन जात नाही. शहरातली पगारदार बाई सुट्टी घालवायला आली आणि मजुरीवर जगणाऱ्या घरात जेवून उठली, तर तिथे मला पैसे द्यायलाच हवेत. त्या घराने नको म्हटलं तरी. पायथा यांचं नारायणगावचं वाचल्यावर तर माझं मत आणखी पक्कं झालं.

पायथा

ताई, वहीत नका ठेवू. आमच्याकडे एकीने असेच उशीखाली ठेवले, ते गोधडीबरोबर धुतले गेले. सरळ हातात द्या, घरातल्या बाईच्या हातात. पुरुषांच्या नको.

कातळवाट

सगळे प्रतिसाद दोन-दोनदा वाचले. दोरवाले, तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर देतो. त्या मंगळवारी मी सुधागडावर आहे हे कोणालाच माहीत नव्हतं. आईला मी "पालीला चाललोय" एवढंच सांगितलं होतं. पाली गडापासून बरीच लांब आहे. हे लिहिताना पोटात कसंतरी झालं.

तरीही मूळ मुद्दा सोडत नाही. ग्लासगोकर म्हणतात तशी उघडी, बिनभाड्याची जागा डोंगरात असलीच पाहिजे, आणि तिथे एकट्याने झोपणं चुकीचं नाही. रानजाईताईंना ती रात्र मिळत नाही याचं उत्तर वाडा बंद करणं नाही. बाटल्यांचे घोळके बंद व्हायला हवेत, आणि त्याबद्दल आपण पुरुषांनी आजवर तिथल्या तिथे तोंड उघडलेलं नाही. मीही नाही.

पुढच्या महिन्यात पुन्हा सुधागडाला जातोय, आडवारी, म्हणजे शनिवार-रविवार सोडून. जाताना ठाकूरवाडीत एका घरी थांबून नाव, फोन नंबर आणि उतरायची वेळ लिहून देणार. भाकरी तिथूनच बांधून घेणार, पैसे घरातल्या बाईच्या हातात. झोपणार मात्र वाड्यातच. एक दोनशे पानी वही आणि दोरीला बांधलेलं पेन नेतोय, भोराईच्या देवळात ठेवायची की वाड्यात ते कळत नाही. देवळात ठेवायची तर पुजाऱ्यांना विचारावं लागेल.

दोरवाला

वाड्यात ठेवा, पण जमिनीवर नको, तुळईला टांगा. आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला, तिथे पाऊस आत येतो.