थुंकी तपासून ब्रांच वाटायची म्हणे!

खाडीपलीकडची: एका सर्जन महाशयांची पोस्ट दोन दिवस फिरतेय. 'टेन्शनमध्ये ज्यांचं पाणी पाणी होतं त्यांनी स्किन, रेडिओलॉजी घ्यावी. सर्जरी थंड डोक्याच्यांसाठी. थुंकीतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं हार्मोन, तपासूनच ब्रांच (एमबीबीएसनंतरचा विषय) द्यावी.' डोकं फिरलं, म्हणून लांबण लावतेय. मी भूलतज्ज्ञ. थंड डोक्याचे सर्जन कात्री कशी भिरकावतात ते टेबलाच्या डोक्याकडून नीट दिसतं. आणि रेडिओ-स्किन घाबरट घेतात? नीट-पीजीतले, म्हणजे ब्रांच ठरवणाऱ्या परीक्षेतले, वरचे रँकवाले आधी त्यांच्यावरच तुटून पडतात! कॉर्टिसॉल तर सकाळी उठल्यावर अर्ध्या-पाऊण तासात आपसूक चढतं. ताण आला तरी थुंकीत शिखर गाठायला वीस-तीस मिनिटं जातात. गर्भनिरोधक गोळी चालू असेल तर आकडे आणखी वेगळे. नाइट करून आलेल्या इंटर्नचं नक्की काय मोजणार?

हापूस_सर्जन: पोस्ट माझी नाही, पण मुद्दा खोटा नाही मॅडम. माझ्याकडे एक हुशार पोरगा होता. रक्त फुटलं की हातात आर्टरी फोर्सेप्स, रक्तवाहिनी दाबायचा चिमटा, धरून नुसता उभा. यर्क्स-डॉडसन या मानसशास्त्रज्ञांनी १९०८ सालीच उंदरांवर दाखवलंय, ताण प्रमाणाबाहेर गेला की शिकणं बिघडतं.

खाडीपलीकडची: अर्धंच सांगितलंत. ते अवघड कामात. सोप्या कामात विजेचा झटका वाढवला तसे उंदीर उलट लवकर शिकले. तुमच्या पोराला ते काम सोपं होईपर्यंत शिकवलंत, की सगळ्यांसमोर ओरडलात?

हापूस_सर्जन: ओरडलो. पेशंट वाचला.

कुडाळचो_झील: ब्रांच आमी खंय निवडतंव? रँक निवडता! त्यात बॉण्डचं, सक्तीच्या सरकारी नोकरीचं वर्ष. सिंधुदुर्गात ओरोसला २०२१ ला मेडिकल कॉलेज आलं, रत्नागिरीला २०२३ ला, तरी सीरियस पेशंट म्हटला की अजून गोव्याचं बांबोळी हॉस्पिटलच. एकट्याने रात्र काढायची असेल तर कोण घेईल गायनॅक?

कणकवलीकर_काका: म्हणजे पळायचंच ना? माझ्या सुनेला बाळंतपणात रक्तस्राव सुरू झाला. भूल द्यायला माणूस नाही, कोल्हापूरला न्या म्हणाले. करूळ घाटात धुकं, ड्रायव्हर एका हाताने वर्तमानपत्राने काच पुसतोय, मुलगा सलाईनची बाटली वर धरून बसलेला. वाचली, रवळनाथाची कृपा. आणि तुम्ही इथे थुंक्या मोजताय! बावस्कर डॉक्टर बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात राहिले, विंचूदंशावर काम केलं, १९८२ ला 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. ते पळाले का?

खाडीपलीकडची: काका, सुनेचं वाचून वाईट वाटलं. पण कोकणात डॉक्टरांवर काही बोलायला गेलं की बावस्करांचं नाव येतंच. माणूस मोठा आहे, पद्मश्री उगाच नाही दिली. पण एका माणसाच्या जिद्दीवर जिल्हा चालवायचा? आणि लाल विंचू चावल्यावर शरीरात होतं काय? ॲड्रिनॅलिनचंच वादळ. त्यावर त्यांनी प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध दिलं. 'काळीज घट्ट कर' म्हणून पेशंटला घरी नाही पाठवलं.

कणकवलीकर_काका: शब्दांत तुम्ही हरणार नाही. घाटात शब्द कामाला येत नाहीत.

कुडाळचो_झील: काका, राग आमच्यावर कशाला? भूलतज्ज्ञाची जागा आम्ही रिकामी ठेवली काय?

हापूस_सर्जन: बरं बाबा, कॉर्टिसॉल राहिलं. मॅडम इतक्या खंबीर आहेत तर आमच्या तालुक्यात या. ऑपरेशन थिएटर तयार आहे, भूल द्यायला कोणी नाही.

खाडीपलीकडची: तालुक्यात राहून झालंय माझं. क्वार्टरचं छत गळायचं, उशाला पातेलं ठेवून झोपायचे. एकटीच असल्यामुळे फोन न्हाणीघरातही सोबत. जोडीला दुसरा भूलतज्ज्ञ आणि रक्तसाठा देता? उद्या येते.

हापूस_सर्जन: छताचं बांधकाम खात्याला विचारतो.

कुडाळचो_झील: आणि दुसऱ्या भूलतज्ज्ञाचं?