मदत हवी आहे : मे महिन्यात सात माणसं घेऊन शिरोड्याकडे आत्यांच्या घरी. राहावं कुठे, न्यावं काय?

पुणेरी_सून :

नमस्कार मंडळी. धागा लांबणार आहे, आधीच सांगते.

१० ते १७ मे आम्ही नवऱ्याच्या सख्ख्या आत्यांकडे जायचं ठरवतोय. घर वेंगुर्ला तालुक्यात, आरवली-शिरोड्याच्या बाजूला. आम्ही दोघं, मुलं (११ आणि ४), सासूबाई (७४, दोन्ही गुडघे कुरकुरतात), दीर-जाऊ... आणि त्यांची नऊ वर्षांची मुलगी धरायची राहिलीच. म्हणजे आठ! शीर्षकात सात लिहिलंय, आता राहू दे.

आत्या ७१ वर्षांच्या, काका ७६. मुलगा मस्कतला. घरात दोघंच. मी मूळची साताऱ्याची, त्यामुळे कोकण म्हणजे मला अजून पाहुणीसारखंच.

खरा प्रश्न राहण्याचा आहे. नवरा आणि दीर म्हणतात, घरीच राहायचं, दुसरा विचारच नको. मी म्हणतेय, वेळागरच्या किनाऱ्याजवळ दोन खोल्या घेऊ आणि दिवसभर आत्यांकडे जाऊ. यावर घरात दोन दिवस धुसफूस चालू आहे. "सासरच्या माणसांकडे राहायला हिला नको" असं कुणी तोंडावर म्हटलेलं नाही, पण हवेत आहे.

कारण सांगते. काही वर्षांपूर्वी मे महिन्यात आम्ही असेच गेलो होतो. सकाळी समुद्र, मग अंघोळ, संध्याकाळी परत समुद्र, परत अंघोळ. खारं पाणी, अंगाला वाळू, म्हणून शॉवरखाली दहा-दहा मिनिटं. तिसऱ्या पहाटे साडेचारला लेकाने उठवलं म्हणून मागच्या दारी गेले, तर आत्या अंधारात विहिरीतून कळशीने पाणी शेंदत होत्या. पंपाला पाणीच लागत नव्हतं. कळशी वर आली ती अर्धीच, आणि तीही गढूळ. मला बघून म्हणाल्या, "जाग इली काय गो? नीज जा." बस. आम्ही उठायच्या आत टाकी भरलेली असायची, ती कशी भरायची ते मला त्या दिवशी कळलं. नवऱ्याला हे मी परवा सांगितलं, इतक्या वर्षांनी.

तर घरी राहिलो तर त्यांना त्रास, हॉटेलात राहिलो तर त्या दुखावणार. काय करावं?

बाकीचं पटापट : गाडीने जावं की रेल्वेने? धाकटीला घाटात हमखास उलटी होते. उकाड्याचं काय? मागच्या वेळी घामोळ्यांनी हैराण झालो होतो. आणि आत्यांना न्यायचं काय? मिठाई नेली तर त्या पोरांनाच वाटतात.

---

लाल डबा :

प्रवासाचं मी सांगतो, राहण्याचं भांडण तुमचं तुम्ही बघा.

आठ माणसं म्हणजे एका गाडीत बसणार नाही, दोन गाड्या काढाव्या लागणार. पुणे ते सावंतवाडी चारशेच्या आसपास. निपाणी-आजरा-आंबोली मार्गे जा. आंबोलीचा उतार वळणावळणाचा आहेच, पण फार लांबत नाही. धाकटीला निघताना भरपेट खाऊ घालू नका, पुढे बघत बसवा, आणि आजऱ्याच्या पुढे मोबाईल हातात देऊ नका. निम्म्या उलट्या त्या मोबाईलच्या असतात. पहाटे पाचला निघालात तर जेवायला आत्यांकडे.

रेल्वे म्हणाल तर पनवेल गाठावं लागेल. तुतारी एक्स्प्रेस सावंतवाडीलाच संपते, त्यामुळे झोप लागून पुढे गोव्यात जायची भीती नाही. पण ती दादरहूनच मध्यरात्री सुटते. गुडघेदुखीच्या आजींना घेऊन पनवेलच्या फलाटावर त्या वेळी उभं राहायचं का, ते ठरवा. मांडवी दिवसाची आहे, खिडकीतून कोकण बघत जाता येतं आणि डब्यात खायला चांगलं मिळतं. आरक्षण आता साठ दिवस आधी उघडतं, म्हणजे मे महिन्याच्या तारखांवर लोक आत्ताच तुटून पडलेत. आज बघा, उद्या नको.

---

घाटावरचा :

आठ माणसं आठ दिवस?? आमच्याकडे कुणी असं आलं तर मीच हॉटेलात जाऊन राहीन.

---

तिरफळ :

घाटावरचे, तुमचं बरोबर आहे, पण कोकणात मे महिन्यात घर भरलं नाही तर शेजारी विचारतात की औंदा कोण येऊक नाय?

पुणेरी_सून, माझं माहेर तुमच्या आत्यांच्या जवळपासचंच, म्हणून जरा मोकळं लिहिते. तुम्ही पाण्याचं बघितलंत ते अगदी खरं. तीन हजार मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या मुलखात मे महिन्यात विहिरी तळाला जातात. खाली सगळा जांभा, पाणी धरून ठेवत नाही. पाऊस येतो आणि उतारावरून समुद्राला मिळतो.

पण त्यावर उपाय हॉटेल नाही. शॉवर बंद करा, तेवढं पुरे. समुद्रावरून आलात की बाहेर माडाच्या मुळाशी उभं राहून माणशी एक बादली, ती पण तांब्याने. पाणी माडाला जातं, वाळू घरात येत नाही. कपडे रोज धुवायचे नाहीत. भांडी घासायला बसाल तर टबात. आणि टँकरने पाणी मिळतं का ते काकांना फोनवर सरळ विचारा आणि पैसे तुम्ही द्या. आत्यांना नको विचारू, त्या नकोच म्हणणार.

दुसरं म्हणजे, तुम्ही कामाचं ओझं म्हणताय ना? मे महिन्यात आत्यांकडे काम किती असतं याची तुम्हाला कल्पना नाही. पाहुणे नसले तरी असतं. रातांबे (कोकमाची फळं) पिकलेले असतात. ते फोडायचे, बिया काढायच्या, सालं रसात बुडवून वाळवायची, परत बुडवायची, परत वाळवायची, तेव्हा कुठे काळी सोलं (आमसुलं) होतात. बरक्या फणसाच्या गऱ्यांचा रस वाळवून साटं (फणसपोळ्या) घालायची. पावसासाठी लाकडं, चुडतं (माडाच्या सुक्या झावळ्या), सोडणं (नारळाची सालं) आत घ्यायची. सुके बांगडे, गोलमो (सुका जवळा) भरून ठेवायचे. ७१ व्या वर्षी त्या हे दोन हातांनी करतायत. तुमच्याकडे सोळा हात आहेत.

---

पुणेरी_सून :

तिरफळ, हे वाचून गप्पच झाले. मागच्या वेळी खळ्यात ती लालभडक सालं वाळत घातलेली होती आणि आमच्या लेकाने त्यावरून सायकल नेली होती. आम्ही हसलो होतो.

सासूबाईंचं मात्र राहिलं. तिथलं संडास-न्हाणीघर मागच्या अंगणात, चार पायऱ्या उतरून आहे. रात्री त्यांना जमायचं नाही.

---

तिरफळ :

मग फक्त सासूबाई आणि एक जोडपं यांना रात्री झोपायला खोली घ्या. कारण गुडघ्यांचं सांगा, उकाड्याचं नाही. आत्यांनाही गुडघे असतीलच, त्यांना ते कळेल. आणि हे नवऱ्याने नाही, सासूबाईंनी स्वतः आत्यांशी बोलायचं. नणंद-भावजयीत ते मिटतं, सुनेच्या तोंडून आलं की त्याचं वेगळंच होतं.

---

भरती-सुकती :

समुद्राचं कुणीच लिहीत नाहीये म्हणून.

तिन्ही मुलं समुद्रात एकटी सोडू नका, गुडघाभर पाण्यातसुद्धा नाही. आत खेचणारा प्रवाह वरून शांत दिसतो. दोन फुटणाऱ्या लाटांच्या मध्ये सपाट, गढूळ पट्टा दिसला की लोकांना वाटतं इथे लाट नाही, इथे जाऊ. तिथेच जायचं नाही. सुकती (ओहोटी) लागली की बाहेर या. भरतीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, म्हणून कालची वेळ आज धरू नका. काकांना विचारा, त्यांना तोंडपाठ असेल. पुनवेला आणि अवसेला तर नुसतं वाळूत बसा.

मालवणचा सिंधुदुर्ग किल्ला करायचा असेल तर तारखा तुमच्या बऱ्या आहेत. २६ मेपासून होड्या बंद होतात, त्या ३१ ऑगस्टपर्यंत. पण शिरोड्याहून जाऊन-येऊन पूर्ण दिवस मोडतो आणि चार वर्षांचं पोर त्या उन्हात तटावर रडणार. आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव अशा तीन गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत, चारी बाजूंनी समुद्र असून. थोरल्याला तेवढ्यासाठी न्या, बाकीच्यांना घरी ठेवा.

त्यापेक्षा जवळचं बघा. आरवलीचा वेतोबा : देव रात्री गावाची राखण करत फिरतो, चपला झिजतात, म्हणून लोक त्याला हातभर लांबीच्या चामडी चपला वाहतात. मुलांना हे फार आवडतं. रेडीचा गणपती, पलीकडे तेरेखोलचा किल्ला. शिरोड्याची मिठागरं दाखवा आणि १९३० साली इथे मिठाचा सत्याग्रह झाला होता हेही सांगा.

---

लाल डबा :

उकाड्याचं राहिलं. पारा ३३-३४ च्या वर फारसा जात नाही, पण घाम वाळतच नाही, तिथेच फसगत होते. पुण्यासारखं दुपारी बाराला फिरायला निघू नका. अकरा ते चार पडवीत आडवं व्हा. सुती, सैल कपडे, पावडरीचे थर लावू नका, त्याने घामोळं वाढतं. रात्री लाईट जाते, चार्जिंगचा पंखा न्या. तो येताना तिथेच ठेवून या, हीच भेट.

---

तिरफळ :

पंखा उत्तम! बाकी भेट म्हणून घाटावरचे शेंगदाणे, लसूण आणि कोल्हापुरी गुळाची ढेप. पावसाळ्याच्या बेगमीला लागतंच. काजू-कतली कृपा करून नेऊ नका, काजूच्या बागेत काजू कशाला?

---

पुणेरी_सून :

सगळ्यांचे आभार. आज दुपारी सासूबाईंनी आत्यांना फोन लावला, स्पीकरवर. गुडघे आणि पायऱ्यांचं सांगितलं. आत्या आधी म्हणाल्या, "माझां घर काय मोडान पडलां?" मग जरा थांबून, "पायरेवरसून मीच पडलंय गो फाल्गुनात." हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. मनगटाला प्लास्टर होतं, आता काढलंय. मस्कतलाही सांगितलेलं नाही म्हणे.

नवरा तेव्हापासून गप्प आहे. आत्ता बसून मागच्या पायऱ्यांना कठडा बसवायला तिथला कोण मिस्त्री मिळेल ते काकांना विचारतोय. खोली एकच घेतली, सासूबाई, दीर आणि जाऊ रात्री तिकडे. आम्ही पाच जण घरी, शॉवरला हात लावायचा नाही हे मुलांना सांगून झालंय. मांडवीची तिकीटं वेटिंगवर होती, म्हणून दोन गाड्या, आंबोली मार्गे.

रातांब्यांचं मीच विचारलं. म्हणाल्या, औंदा हात चालत नाही म्हणून सोलं घालायची नाहीत असं ठरवलं होतं, झाडाखाली नुसते पडून जाणार. मी म्हटलं, आम्ही येतोय तर घालू. तर म्हणाल्या, जुने कपडे घेऊन ये, डाग जात नाहीत.

तिरफळ, एकच विचारायचं राहिलं : आठ दिवसांत सोलं पुरी वाळतात का? की निम्मी राहिली तर मागे त्यांच्याच गळ्यात पडतील?

---

तिरफळ :

ऊन कडक असेल तर वाळतात. गेल्या गेल्या पहिल्याच दिवशी सुरू करा, समुद्र दुसऱ्या दिवशी. आणि संध्याकाळी ढग दिसले की आधी सोलं आत, मग माणसं.