फळ्यावरची ओळ मोठ्याने वाचताना
दिव्यांग मुले वर्गात असली की बाकीच्यांचा अभ्यास मागे पडतो, असे येथे एका पालकांनी म्हटले आहे. त्यांची काळजी मला समजते, पण जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीला शिकवताना माझा अनुभव वेगळा आहे. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत, वर्गात मात्र मला समोरचे एक मूल दिसते. अंधुक दिसणाऱ्या एका मुलीसाठी मी फळ्यावर लिहिताना प्रत्येक ओळ मोठ्याने वाचू लागले, आणि महिन्याभरात घरी भिली भाषा बोलणारी शेवटच्या बाकावरची दोन मुलेही माझ्यामागून पुटपुटत वाचू लागली. ती मुलगी चिंचोक्यांचे गट करून भागाकार शिकली, तेव्हा इतरांनीही चिंचोके मागितले. वेळ जास्त लागतो, हे खरेच. त्यासाठी वर्गात आणखी एक शिक्षक हवा, आणि ही मागणी पालकांनी आमच्यासोबत करावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे.