‘इम्प्रोव्हाइज’ला उपज म्हणावं का? आणि ‘चेंजेस’ना काय म्हणावं?

सहावी तार:
बडोद्यातल्या नवशिक्या गिटारवाल्यांसाठी मराठीत दोन पानांचं टिपण तयार करतो आहे. विषय: जॅझ स्टँडर्डच्या चेंजेसवर इम्प्रोव्हाइज कसं करायचं. या वाक्यातले तिन्ही शब्द अडले आहेत: ‘स्टँडर्ड’ म्हणजे जॅझवाल्यांना पाठ असलेली रचना, ‘चेंजेस’ म्हणजे तिच्यातल्या कॉर्ड्सचा (एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या गटांचा) क्रम आणि ‘इम्प्रोव्हाइज’ म्हणजे त्या क्रमाला धरून तिथल्या तिथे नवी सुरावट वाजवणं. यंत्राकडून भाषांतर आलं ते ‘जॅझ मानकाच्या बदलांवर सुधारणा करणे’. ‘स्टँडर्ड’ तसाच ठेवला तर मुलांना इयत्ता किंवा दर्जा वाटतो. ‘बदल’ लिहिलं तर आपणच काहीतरी बदलायचं आहे असा समज होतो. ‘इम्प्रोव्हाइज’साठी मी ‘उपज’ लिहिलं होतं, ते खोडून ‘उत्स्फूर्त वादन’ करावं अशी सूचना आली आहे. जाणकारांनी मत द्यावं.
उदाहरणाला ‘ऑटम लीव्हज’ घेतलं आहे, ई मायनरमध्ये. पहिले आठ बार (एक बार म्हणजे चार मात्रांचा तुकडा) असे: ए मायनर सेव्हन, डी सेव्हन, जी मेजर सेव्हन, सी मेजर सेव्हन, एफ शार्प हाफ डिमिनिश्ड, बी सेव्हन आणि शेवटचे दोन बार ई मायनर.

व्युत्पत्तीवेडा:
‘सुधारणा’ हा घोळ ‘इम्प्रूव्ह’मुळे झाला. दोन्ही शब्द दिसायला शेजारी आहेत, पण कूळ वेगळं. इम्प्रोव्हाइजच्या मुळाशी लॅटिन ‘इम्प्रोव्हिसुस’ आहे, म्हणजे आधी न पाहिलेलं, अकल्पित. ‘इम्प्रूव्ह’ आला जुन्या फ्रेंचमधून, फायदा करून घेणे या अर्थाने. त्यामुळे ‘उत्स्फूर्त’ मुळाच्या जवळ जातं. ‘उपज’बद्दल एक शंका आहे. मराठी कानाला त्यात ‘उपजत’ ऐकू येतं. नवशिका वाचेल आणि म्हणेल, ही जन्मजात देणगी, आपल्याला नाही.

बडा ख्याल:
‘उत्स्फूर्त’ला माझा ठाम विरोध आहे. उत्स्फूर्त म्हणजे तयारीशिवाय सुचलेलं. इथे तर सगळी तयारीच आहे. आपल्याकडचे शब्द नेमके आहेत, फक्त कोणता कुठे वापरायचा ते पाहावं लागतं. धृपद-धमारात ‘उपज’ म्हणताना बोल आणि लय यांच्याशी खेळणं डोळ्यांसमोर असतं. ‘बढत’ म्हणजे ख्यालात एकेका स्वराने, पायरीपायरीने पुढे जाणं. नवशिक्याने करायचं आहे ते हेच, पायरीपायरीने जाणं. ‘बढत’ लिहा.

मांडवी:
बढत हा सरळ हिंदी शब्द. मराठीत ‘वाढ’ आहे, ‘विस्तार’ आहे. बडोद्यात प्रतिशब्द शोधण्याचा कंटाळा शोभत नाही. १९३१ मध्ये इथूनच सयाजी शासन शब्दकल्पतरू निघाला, कारभारातल्या एकेका इंग्रजी शब्दासमोर गुजराती, मराठी, संस्कृत, फार्सी असे अनेक भाषांतले पर्याय मांडणारा. गाणं शाळेत वर्ग भरवून शिकवण्याची रीतही इथे १८८६ पासून, मौलाबक्षांच्या गायनशाळेपासूनची आहे. ‘स्वरविस्तार’ लिहा, अर्थ पोहोचतो.

बडा ख्याल:
बढत हिंदीतून आला हे खरं, पण मग ‘चीज’ फार्सीतून आली म्हणून तीही सोडणार का? गाणारे जे बोलतात तो मराठी शब्द. ‘स्टँडर्ड’ला मी ‘चीज’च म्हणेन. सगळ्यांना पाठ असलेली, कोणीही कोणाबरोबर वाजवू शकेल अशी रचना, हाच तिचा अर्थ. शिवाय ‘ऑटम लीव्हज’ची धूनच बढतीचा धडा देते. आधी तीन स्वर, ई, एफ शार्प, जी, आणि चौथा सी थेट समेवर. तो सी म्हणजे ए मायनरचा, ए पासून मोजून, तिसरा स्वर. पुढे जी मेजरवर बी, एफ शार्पवर ए, ई मायनरवर जी. धून दर खेपेला कॉर्डच्या तिसऱ्या स्वरावर उतरते. ग्वाल्हेरवाले बंदिशीतूनच बढत काढतात, तसंच हे. म्हणून टिपणात पहिली पायरी हीच हवी: गिटार खाली ठेवून धून गा, उतरण्याचे चारही स्वर गळ्यातून येऊ द्या.

दांडियाबाजार:
चर्चा ‘इम्प्रोव्हाइज’वर अडली आहे, पण त्या वाक्यातली खरी अडचण ‘वर’ या प्रत्ययात आहे. आपण रागात बढत करतो, रागावर नाही. ‘वर’ म्हटलं की खाली काहीतरी स्थिर आहे असं चित्र उभं राहतं. तानपुऱ्याच्या बाबतीत ते बरोबर, षड्ज हलत नाही. इथे दर बारला जमीन सरकते.
याचा परिणाम वाजवण्यात लगेच दिसतो. मुलगा ई मायनर पेंटाटॉनिक, म्हणजे ई, जी, ए, बी, डी हे पाच स्वर घेतो आणि खालच्या कॉर्ड्सकडे लक्ष न देता वाजवत सुटतो. पाच बार निभावतात. सहाव्या बारला बी सेव्हन येते, तिच्यात डी शार्प आहे, आणि हा डी धरून बसलेला. ई ला सा मानलं तर कॉर्डमध्ये शुद्ध नी आणि हाताखाली कोमल नी. खमाजातही दोन्ही नी आहेत, पण तिथे चढताना शुद्ध, उतरताना कोमल हे रागच ठरवतो. इथे ते खालची कॉर्ड ठरवते. ‘बढत’ किंवा ‘उपज’ लिहिलं की रागाचा नियम आपोआप मनात येतो आणि ही चूक पक्की होते.
टिपणात ‘कॉर्ड्समधून वाट काढणे’ लिहा. ‘चेंजेस’ म्हणजे ती वाट.

व्युत्पत्तीवेडा:
‘फेरफार’ चालेल का? गुजराती मुलांनाही लगेच कळेल.

मांडवी:
नाही. मराठीत फेरफार म्हणजे सातबाऱ्याची नोंद, नाहीतर हिशेबातली लबाडी. ‘वाट’ मला पटला.

सहावी तार:
‘वाट’ घेतो. पण नवशिक्याला ती दाखवायची कशी, तेही चार ओळींत बसलं पाहिजे.

दांडियाबाजार:
तिसरी आणि चौथी तार, एवढ्या दोनच तारा घ्या. प्रत्येक कॉर्डचे तिसरा आणि सातवा हे दोनच स्वर वाजवायचे.
ए मायनर सेव्हन: दोन्ही तारा पाचव्या पडद्यावर. डी सेव्हन: चौथी तार चौथ्यावर, तिसरी जागची हलत नाही. जी मेजर सेव्हन: आता तिसरी चौथ्यावर, चौथी तिथेच. सी मेजर सेव्हन: चौथी तार दुसऱ्यावर. एफ शार्प: तिसरी दुसऱ्यावर. बी सेव्हन: चौथी पहिल्यावर. ई मायनर: दोन्ही मोकळ्या.
बी सेव्हनपर्यंत दर बारला एकच बोट हलतं, दुसरं तिथेच थांबतं. वाट म्हणतो ती हीच, पाचव्या पडद्यापासून मोकळ्या तारेपर्यंत उतरणारी. हे न अडखळता आलं की प्रत्येक बारच्या पहिल्या मात्रेला यातला एक स्वर, आणि चौथ्या मात्रेला पुढच्या स्वराच्या एक पडदा खालचा स्वर. मधल्या दोन मात्रा रिकाम्या. नवशिके रिकाम्या मात्रा भरायला धावतात आणि पुढच्या कॉर्डला उशिरा पोहोचतात. सुरुवातीला दर चौथा बार पूर्ण गप्प ठेवला तर हे टळतं.

बडा ख्याल:
पद्धत मान्य. एक शब्द सुचवतो. जॅझवाल्यांकडे रचनेच्या पूर्ण फेरीला ‘कोरस’ म्हणतात, आपल्याकडे त्याचा अर्थ समूहगान होतो. ‘आवर्तन’ लिहा. ३२ बार, चार-चार मात्रांचे, म्हणजे १२८ मात्रांचं एक आवर्तन. आठ-आठ बारांचे चार भाग, अ अ ब क. मुलं हमखास चुकतात ती १७व्या बारला. दुसरा ‘अ’ संपला की हात सवयीने पुन्हा ए मायनरवर जातो, तर ‘ब’ एफ शार्पवर सुरू होतो. त्या ठिकाणी कागदावर जाड रेघ मारून ठेवावी.

सहावी तार:
आवर्तन उत्तम, पण त्याबरोबर ‘सम’ही येते. मेट्रोनोम (ठोके देणारं यंत्र) मिनिटाला ५० टिकांवर ठेवून प्रत्येक टिक दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर मोजायला सांगतो, म्हणजे खरी लय १००. तबल्याची सवय असलेली मुलं पहिल्याच टिकेला सम मानतात आणि पुढचं सगळं एका मात्रेने सरकतं. त्यांना आधी तोंडाने ‘एक’ म्हणून टाळी ‘दोन’वर द्यायला लावतो.

मांडवी:
तयार छोट्या ओळींना, ज्यांना ‘लिक’ म्हणतात, मराठीत ‘जागा’ हा फार सुंदर शब्द आहे. ‘काय जागा घेतली!’ ही दाद त्यासाठीच असते.

बडा ख्याल:
जागा ही त्या क्षणी सापडलेली असते. लिक पाठ केलेली. एकच शब्द दोन्हींना नको.

मांडवी:
उत्तम गवयांच्या जागाही पिढ्यान् पिढ्या पाठ होऊनच पुढे आल्या आहेत.

व्युत्पत्तीवेडा:
मगाशी दांडियाबाजार यांनी ‘पडदा’ लिहिलं. सतारीचा पडदा सरकवता येतो, गिटारचा ठोकून बसवलेला असतो. फ्रेटच म्हणा.

दांडियाबाजार:
दोन्ही ठिकाणी बोटाचं काम एकच. आणि ‘तो फ्रेट’ असं आपण पुल्लिंगी बोलतो, ते मनात ‘पडदा’ असतो म्हणूनच.

व्युत्पत्तीवेडा:
हे खरं असेल तर ‘ती कॉर्ड’ कशामुळे? ‘तार’मुळे?

मांडवी:
‘स्वरसंगती’मुळेही असू शकेल, तीही स्त्रीलिंगीच.

सहावी तार:
मग ‘स्टँडर्ड’ला चीज मानलं तर ‘ती स्टँडर्ड’ लिहावं लागेल. आत्तापर्यंत सगळीकडे ‘ते’ लिहिलं आहे.

बडा ख्याल:
‘ती चीज’ लिहा. स्टँडर्ड हा शब्द पहिल्या ओळीत एकदा आला की पुरे.