खाडी, आखात की उपसागर?

माळवेकर (इंदूर): मुलांसाठी भिंतीवरचा नकाशा मराठीत करताना अडचण आली आहे. हिंदीत कच्छ, खंभात आणि बंगाल या तिन्ही नावांना ‘खाड़ी’च जोडतात, मराठीत मात्र पहिली दोन आखाते आणि तिसरा उपसागर. हा भेद कोणत्या निकषावर करायचा? आमची मुले ‘बंगालची खाडी’ म्हणाली की पुण्याचे पाहुणे हसतात, पण कारण कोणीच सांगत नाही.

रामबागी (इंदूर): जमिनीत खोलवर शिरलेले, चिंचोळ्या तोंडाचे ते आखात आणि ऐसपैस उघडा तो उपसागर, असे आम्ही शिकलो. इराणचे आखात होर्मुझच्या सामुद्रधुनीतूनच बाहेर पडते, ते पाहावे.

बडोदेकर: मग मन्नारच्या आखाताचे काय? ते दक्षिणेकडे चांगले रुंद उघडे आहे. उलट हडसनचा उपसागर जवळजवळ चहूबाजूंनी जमिनीने वेढलेला आहे. नावे आधी पडली आणि निकष मागून शोधले गेले, असेच दिसते. मात्र गुजरातीतही ‘खंभातनो अखात’ आणि ‘बंगाळनो उपसागर’ असेच म्हणतात. हे खूळ केवळ पुणेरी नव्हे.

साष्टीकर (हल्ली मुक्काम इंदूर): खाडी म्हणजे जिथे भरतीचे खारे पाणी आत चढते आणि ओहोटीला चिखल उघडा पडतो ती जागा. वसईची आणि ठाण्याची खाडी मध्ये आल्यानेच साष्टी मुख्य भूमीपासून तुटली आहे. गंगेपासून कावेरीपर्यंतच्या नद्या पोटात घेणाऱ्या जलाशयाला खाडी म्हणणे म्हणजे नर्मदेला ओहोळ म्हणणे!

माळवेकर: तरीही इथे ‘खाडी देशांत नोकरी लागली’ असेच सगळे बोलतात; ‘आखाती’ म्हटले की छापील वाटते.

साष्टीकर: बोलण्यात चालेल, नकाशावर नको.

रामबागी: ‘आखात’मधला ‘खात’ म्हणजे खणलेला. माझ्या मते खाडीही त्याच खणण्यातून आली.

बडोदेकर: ध्वनी जुळला म्हणून नाते जुळत नाही. हिंदीकडून घ्यायचेच तर ‘डमरूमध्य’ घ्यावे. दोन समुद्र जोडणारे ते जलडमरूमध्य, दोन भूभाग जोडणारे ते स्थलडमरूमध्य. चित्र डोळ्यांपुढे उभे राहते. पनामात ती कंबर कापून १९१४ मध्ये कालवा खुला केला, हेही मुलांना चटकन कळेल. आपल्या ‘संयोगभूमी’त डमरू कुठे आहे?

रामबागी: डमरू नसेल, पण ‘सामुद्रधुनी’त धुनी आहे, आणि संस्कृतात धुनी म्हणजे नदी. दोन समुद्रांमधली वाहती वाट त्या एका शब्दात आली, ती मी सोडणार नाही.