मदत हवी आहे: तिहुआनात एक दिवस, सोबत शाकाहारी आई आणि गुडघेदुखीवाले बाबा

नमस्कार मंडळी,

आम्ही सॅन डिएगोत राहतो. आई-बाबा नाशिकहून आलेत. इथला समुद्र बघून झाला, प्राणिसंग्रहालय झालं, कॉस्टको तर तीनदा झालं. आता बाबांनी शोध लावलाय की ट्रॉलीची (इथली शहरी रेल्वे) निळी लाइन सॅन इसिद्रोला थेट मेक्सिकोच्या दारात नेऊन सोडते. "वाघा बॉर्डरला नुसती लांबून बघितली सीमा. इथं चालत पलीकडे जाता येतं म्हणतेस, मग जाऊया की!"

तर बुधवारी दोघांना घेऊन पलीकडे तिहुआनाला जायचा विचार आहे. सकाळी जाऊन संध्याकाळी परत. माझं ग्रीन कार्ड आहे, त्यांच्याकडे चालू अमेरिकन व्हिसा आहे, त्यामुळे मेक्सिकोचा वेगळा व्हिसा लागत नाही इथवर कळलंय. गाडी नेणार नाही.

खरी अडचण खाण्याची. आई मांस-मासे-अंडं काही खात नाही आणि "त्याच झाऱ्यानं काढलं असेल तर?" हा प्रश्न ती कुठेही विचारते. मी तिला सांगितलं की सीझर सॅलड तिहुआनातच जन्मलं, १९२४ साली, ते 'सीझर्स' हॉटेल अजून आहे, तिथं टेबलाशी येऊन सॅलड बनवून देतात. पाला-पाचोळाच असणार, म्हणून ती खूश. हे चालेल ना? आणि बाबा सलग वीस मिनिटांच्या वर चालू शकत नाहीत. काय बघावं, काय सोडावं?

– पेरूची_फोड

चिंचगूळ:
ताई, आधी वाईट बातमी. त्या सॅलडच्या ड्रेसिंगमध्ये अँकोव्ही, म्हणजे खारवलेले बारके मासे, आणि अंड्याचा बलक असतो. लाकडी वाडग्यात तुमच्या डोळ्यांदेखतच घोटतात, आई बघतील! बाबा खात असतील तर त्यांच्यासाठी जरूर घ्या.

दुसरा सापळा घेवड्याच्या उसळीसारख्या दिसणाऱ्या फ्रिहोलेसचा. त्यात बऱ्याचदा मांतेका, म्हणजे डुकराची चरबी असते. भात कोंबडीच्या पाण्यात शिजवलेला असू शकतो. नुसतं "सिन कार्ने" म्हणाल तर मांसाचे तुकडे तेवढे वगळतील, म्हणून "सिन मांतेका, सिन काल्दो दे पोयो" हेही म्हणा. मैद्याच्या तोर्तियातही (तिथली पोळी) चरबी असू शकते, मक्याची मागा. मका चुन्याच्या पाण्यात उकळून वाटतात, बाकी काही नाही. तीत चीज आणि भोपळ्याची फुलं किंवा नोपाल (निवडुंगाची पानं, हो) घालून केसादिया करून मिळते. मक्याचं कणीस घ्याल तर "सिन मायोनेसा". मग उरतं लिंबू-तिखट-मीठ, म्हणजे आपलंच. प्यायला आग्वा दे हामायका घ्या, लाल अंबाडीच्या बोंडांचं सरबत असतं.

सह्यकडा:
पलीकडे गेल्यावर पासपोर्टवर शिक्का मारून घ्या, गर्दीसोबत पुढे सरकू नका. आई-बाबांच्या आय-९४ ची (अमेरिकेत प्रवेश केल्याची नोंद) प्रिंट जवळ ठेवा. सगळीकडे उबर करा, स्वस्त पडते. 'रेवोलुसियोन' रस्ता अर्धा तास पुरे. झेब्र्यासारखे पट्टे रंगवलेलं गाढव दिसेल, जुन्या कृष्णधवल फोटोत पांढरं गाढव उठून दिसेना म्हणून रंगवायला लागले. त्या रस्त्याच्या टोकाला मोठी कमान आहे, तिच्या उत्तरेकडच्या गल्ल्यांत शिरू नका. त्यापेक्षा वेळ मेर्कादो इदाल्गो या बाजाराला द्या. आणि बाबांना सीमा बघायची असेल तर प्लायास, म्हणजे तिथला समुद्रकिनारा. तिथं कुंपणाचे लोखंडी खांब सरळ समुद्रात शिरलेत.

परतीची रांग मात्र बाबांसाठी अवघड. घडीचा स्टूल न्या. फळं आणू नका.

पेरूची_फोड (पुन्हा):
जाऊन आलो! दोघांचे आभार, विशेषतः मांतेकाबद्दल. मी विचारल्यावर बाई हसून "सी, मांतेका" म्हणाल्या आणि उसळीचं भांडं बाजूला सारलं. नोपालची केसादिया आईनं दोन खाल्ल्या. तवा वेगळा होता का, हे तिनं विचारलंच. बाईंनी तो घासून दाखवला, मग ती निमूट बसली.

बाजारात तिला पिलोन्सियो दिसला, उसाच्या रसाचा, शंकूसारखा. हातात घेऊन वास घेतला आणि दुकानदाराला शुद्ध मराठीत म्हणाली, "अहो, हा गूळ आहे."

प्लायासला बाबा खांबांच्या फटीतून अमेरिकेकडे बघत बराच वेळ उभे राहिले. गुडघ्याचं नाव नाही. परतीला रांगेत दीड तास गेला, स्टूल कामी आला. आईच्या पर्समध्ये दोन पेरू निघाले, तिनं आपणहून अधिकाऱ्याला दाखवले, ते डब्यात गेले. "धुतलेले होते," ती अजून म्हणतेय.

आता नवा प्रश्न: तिला घरी नोपालची भाजी करायची आहे. इथं पानं काट्यांसकट मिळतात. काटे काढायला नेमकं काय वापरता? आणि तो बुळबुळीतपणा भेंडीसारखा चिंच घालून जातो का?