मदत हवी आहे: गटात तिसरा आलेला संघ पुढे न्यायचा की नाही?

आमच्या तालुक्यातल्या फुटबॉल स्पर्धेत यंदा १२ संघ आहेत. चार-चारचे तीन गट केले तर उपांत्यपूर्व फेरीसाठी आठ कसे काढायचे, यावर कमिटीत दोन तट पडलेत. मंडळी म्हणतात, प्रत्येक गटातले पहिले दोन आणि तिसऱ्यांपैकी सर्वोत्तम दोन. मला ते पटत नाही.

कारण मुंबई सिटी क्लबचं उदाहरण: गट वेगळे असताना अशी तुलना करणं अन्यायाचं. २०२२च्या एएफसी (आशियाई फुटबॉल महासंघ) चॅम्पियन्स लीगमध्ये रियाधला त्यांनी इराकच्या एअर फोर्स क्लबला २-१ हरवलं. त्या स्पर्धेतला भारतीय क्लबचा तो पहिलाच विजय. गटात दुसरेही आले, पण ७ गुणांवर घरी परतले, कारण पश्चिम विभागातल्या पाच गटविजेत्यांसोबत फक्त तीनच सर्वोत्तम उपविजेते पुढे जायचे. वेगळ्या गटातल्या, वेगळ्या ताकदीच्या संघांशी तुलना! एफसी गोवा २०२५ मध्ये सौदीच्या अल नस्रच्या गटात खेळला, त्या चॅम्पियन्स लीग टूमध्ये (आशियाची दुसऱ्या दर्जाची क्लब स्पर्धा) ही भानगड नव्हती: ३२ संघ, आठ गट, प्रत्येकातले पहिले दोन थेट पुढे.

पण १२ संघांत हे गणित बसत नाही. तिसऱ्या आलेल्या तिघांतून दोन काढताना काय लावता? गोलफरक धरला तर दुबळ्या संघाला ८-० चोपणारा फायद्यात. गुण सारखे असतील तर एएफसी स्वतः गटात आधी आपसातल्या लढतीचा निकाल बघते, पण इथे हे संघ आपसात खेळलेलेच नसतात. कुणी अशी स्पर्धा भरवली असेल तर नियमाचा मसुदा टाका ना. ड्रॉ रविवारी आहे.